स्क्रीन गावात आली, पेन शहरातच राहिलं

माझा पीएच.डी.चा विषय आरोग्यसेवा आणि तंत्रज्ञान असा आहे म्हटलं, की बहुतेकांना वाटतं मी हॉस्पिटलात नाहीतर प्रयोगशाळेत बसत असणार. खरं सांगायचं तर माझा बराचसा वेळ सरकारी कागद वाचण्यात जातो. परिपत्रकं, नियमावल्या, मार्गदर्शक सूचना. कंटाळवाणं वाटेल, पण उद्या दवाखान्यात तुमच्याशी कोण बोलणार, औषध कोण लिहिणार आणि काही चुकलं तर कोणाला जाब विचारायचा, हे सगळं आधी या कागदांवरच ठरलेलं असतं.

आज असाच एक कागद घेऊ. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या अगदी पहिल्या दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियामक मंडळाने ती नीती आयोगाच्या मदतीने तयार केली होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी नवे नियम आणले खरे, पण तीनच आठवड्यांत ते स्थगित झाले. त्यामुळे फोनवर किंवा स्क्रीनवर रुग्ण तपासण्याचा आधार अजूनही तो २०२० चाच कागद आहे.

हा कागद मी भिवपुरीच्या नजरेतून वाचणार आहे. ते का, ते पुढे कळेलच.

हा कागद का लागला?

आधी त्याची बाजू. या तत्त्वांच्या आधी डॉक्टरांच्या मनात टेलिफोनची चांगलीच धास्ती होती, आणि महाराष्ट्रात तिला ठोस कारण होतं. रत्नागिरीतल्या एका डॉक्टर दाम्पत्याने बाहेरगावी असताना फोनवरून उपचार सांगितले. सिझेरियन झालेली ती रुग्ण दगावली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन नाकारला आणि निदान न करता औषध लिहून देण्याबद्दल कडक शब्द वापरले. त्यानंतर "फोनवर काही सांगणार नाही, घेऊन या" हे वाक्य बऱ्याच दवाखान्यांत ऐकू यायला लागलं. डॉक्टरांची चूक होती की नव्हती हा इथे मुद्दा नाही. फोनवर काय चालतं आणि काय चालत नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, हा मुद्दा आहे.

२०२० च्या कागदाने ते लिहून काढलं, आणि बऱ्यापैकी नीट. व्हिडिओ, ऑडिओ आणि लेखी संदेश असे तीन मार्ग. पहिली भेट आणि फेरतपासणी यांत फरक. औषधांच्या याद्या: पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी निर्धोक औषधं कुठल्याही मार्गाने सांगता येतात. त्यापुढची पहिल्याच भेटीत द्यायची तर व्हिडिओ हवा. काही फक्त फेरतपासणीत. आणि गुंगी आणणारी किंवा व्यसन लावणारी औषधं अजिबात नाहीत. यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, थेट रुग्णाला औषध लिहून द्यायचं नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. २०२० मध्ये हे लिहिणं दूरदृष्टीचंच होतं.

म्हणजे कागद वाईट नाही. पण तो कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला, हे विचारायला हवं.

वस्तूच्या पोटातली संहिता

आमच्या विषयात मॅडलिन आक्रिश नावाच्या फ्रेंच संशोधकांचा १९९२ मधला एक निबंध सगळ्यांना वाचावा लागतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक वस्तूच्या पोटात एक संहिता असते, नाटकाची असते तशी. वस्तू बनवणाऱ्याने मनात एक वापरणारा धरलेला असतो आणि त्याने कसं वागायचं हे आधीच ठरवलेलं असतं. त्यांचं उदाहरण आहे सौरदिव्याच्या संचाचं, जो फ्रान्समध्ये बनून आफ्रिकेतल्या गावांत गेला. कोणी छेडछाड करू नये म्हणून वायरची लांबी ठरवून दिलेली, जोडण्या बाजारात न मिळणाऱ्या आकाराच्या, बॅटरी सीलबंद. हेतू चांगला होता, संच बिघडू नये. झालं काय, तर गावात जो इलेक्ट्रिशियन होता, ज्याला खरंच काही करता आलं असतं, त्याला संचाला हातच लावता येईना.

हा इलेक्ट्रिशियन लक्षात ठेवा.

आता भिवपुरी

मुंबई–कर्जत लोकलने जाणाऱ्यांना 'भिवपुरी रोड' हे नेरळनंतरचं स्टेशन म्हणून माहीत असतं. गाव आणि टाटांचं वीजगृह स्टेशनपासून बरंच आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी. वर मावळातल्या धरणाचं पाणी खाली आणून १९२२ पासून इथे वीज तयार होते आणि ती मुंबईकडे जाते. आजूबाजूला ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकरी कुटुंबांपैकी बरीच पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परत येतात.

अशा भागात आरोग्यव्यवस्थेची सगळ्यात खालची पायरी म्हणजे उपकेंद्र. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक, असा निकष. आयुष्मान भारत योजनेत ही उपकेंद्रं 'आरोग्यवर्धिनी' झाली, आणि २०२३ च्या अखेरीस त्यांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असं नाव मिळालं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, बोलीभाषेत सीएचओ, नेमले गेले. महाराष्ट्रात त्यांत बीएएमएस झालेल्यांचा मोठा भरणा आहे, वर सहा महिन्यांचं सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण. त्यांच्यासमोर टॅब किंवा संगणक आणि त्यावर 'ई-संजीवनी'. हे मोहालीच्या सी-डॅकने बनवलेलं सरकारी व्यासपीठ आहे, २०१९ च्या नोव्हेंबरपासून सुरू आहे. सीएचओ इकडून जोडतात, तिकडे मोठ्या दवाखान्यात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर बसलेले असतात. तिकडचे डॉक्टर औषध लिहितात, इकडे सीएचओ ते देतात.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका ठाकूरवाडीतल्या साठीच्या आजींना रक्तदाबाचा त्रास आहे. पूर्वी औषध बदलून घ्यायला कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जायचं म्हणजे त्यांचा दिवस मोडायचा, आणि सोबत जाणाऱ्या सुनेची मजुरी बुडायची. आता उपकेंद्रात रक्तदाब मोजला, स्क्रीनवर डॉक्टर आले, गोळी बदलली, तासाभरात आजी घरी. हा फायदा खरा आहे. टेलिमेडिसिनला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी आधी एसटीची वाट बघत त्या दिवसाचा हिशोब करावा.

दुसरं उदाहरण तितकं सोपं नाही. सात दिवसांचं बाळ कालपासून दूध ओढत नाहीये. सीएचओंनी ते हातात घेतलंय. अंग गार लागतंय, बाळ सैल पडलंय, रडणं बारीक झालंय. हे त्यांना दिसतंय, कळतंय. कॉल लावला, व्हिडिओ अडकतोय. डॉक्टर ऐकून म्हणतात, "लगेच पुढे पाठवा." सल्ला बरोबर आहे. तत्त्वंही हेच सांगतात: तातडीच्या वेळी प्रथमोपचार, सल्ला आणि पुढे पाठवणं. पण गाडी येईपर्यंत, आणि गाडी आल्यावर वाटेत, ज्यांच्या हातात बाळ आहे त्यांना स्वतःहून काय करायची मुभा आहे?

या प्रश्नावर कागद जवळजवळ गप्प आहे.

कागद कोणाला ओळखतो?

तत्त्वांत पाच प्रसंग धरले आहेत: रुग्ण थेट डॉक्टरशी बोलतो, रुग्णाची काळजी घेणारी व्यक्ती बोलते, आरोग्य कर्मचारी बोलतो, डॉक्टर डॉक्टरशी बोलतो, आणि तातडीचा प्रसंग. सगळ्यात नीट रेखाटलेला माणूस आहे पहिल्या प्रसंगातला. त्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, तो स्वतः कॉल लावतो, नाव-वय सांगतो, लागलंच तर ओळखपत्र दाखवतो. हा माणूस डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये भेटेल. भिवपुरीच्या आतल्या वाडीत जे खरोखर घडतं तो तिसरा प्रसंग, आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत बोलण्याचा. तो जरा जपून वाचला की तीन गोष्टी खटकतात.

पहिली, संमती. रुग्णाने स्वतः कॉल लावला तर संमती गृहीत धरायची. कॉल आरोग्य कर्मचाऱ्याने लावला तर ती स्पष्टपणे घ्यायची, नोंदवायची. तत्त्व चोख आहे. पण उपकेंद्रात आलेली बाई 'तपासून घ्यायला' आलेली असते. स्क्रीनवर कोणाला दाखवायचं, ते कोण, कुठले, हे ठरवून ती आलेली नसते. तिथली स्पष्ट संमती बहुतेक वेळा "आता साहेबांशी बोलायचंय हं" एवढीच असू शकते. कागदाने संमतीचा अर्थ बदलला, पण ती घेण्यासाठी लागणारा वेळ आणि भाषा कोणाच्याच कामात मोजली नाही. नेली आउट्सहोर्न या डच संशोधिकेने दूरसेवेबद्दल हेच दाखवलंय: तंत्रज्ञान आलं की काम कमी होत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर जातं आणि हिशोबातून गायब होतं.

दुसरी, औषधांची यादी. व्हिडिओ नसेल तर पहिल्या भेटीत डॉक्टरांना निर्धोक यादीपुरतंच लिहिता येतं. म्हणजे रेंज गेली की औषधाची यादीही आखडते. शहरात याचा अर्थ 'पुन्हा कॉल करा'. डोंगराच्या कुशीत याचा अर्थ असा, की तुमच्या आजाराला काय मिळणार हे टॉवर ठरवणार. सीएचओंनी रुग्णाला प्रत्यक्ष हात लावून तपासलंय, नाडी पाहिलीय, याने यादीत काहीच भर पडत नाही. चित्र दिसणं महत्त्वाचं, स्पर्श नाही!

तिसरी, जबाबदारी. औषधाचा निर्णय आणि त्याची जबाबदारी डॉक्टरांची, हे स्वच्छ लिहिलंय. तांत्रिक बिघाडामुळे किंवा दुसऱ्या कोणामुळे रुग्णाची माहिती फुटली तर डॉक्टर जबाबदार नाहीत, हेही लिहिलंय. मग जबाबदार कोण? आणि बाळाच्या उदाहरणात, सीएचओंनी वाट न बघता काही केलं तर त्यांच्या पाठीशी कोण? काही न करता थांबले तर त्यांना विचारणार कोण? याचं उत्तर नसलं की माणूस सगळ्यात सुरक्षित गोष्ट करतो, कागद करतो आणि पुढे पाठवतो.

आक्रिश यांचा इलेक्ट्रिशियन तो हाच. ज्याला हात लावता आला असता, त्यालाच हात लावू दिलेला नाही.

रायगड आणि गडचिरोली

"मग काय, कोणालाही औषध लिहू द्यायचं?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. उठसूट सलाईन आणि इंजेक्शन देणारे, तीन दिवसांचं अँटिबायोटिक दीड दिवस देणारे काही कमी नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आलं. त्यात 'समुदाय आरोग्य प्रदात्यां'ना प्राथमिक पातळीवर ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहिण्याचा मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. त्यावर देशभरातले डॉक्टर रस्त्यावर आले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना वाट करून दिली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्येही राज्यात संप झाला. दरवेळी वाद एकच: पेन कोणाच्या हातात? आणि दरवेळी तो पदव्यांच्या भांडणात अडकतो. एका बाजूला "आम्हालाही लिहू द्या", दुसऱ्या बाजूला "कोणालाच नको". नेमक्या कुठल्या आजारात, कुठली चिन्हं दिसली तर, कुठलं औषध, किती, आणि नंतर तपासणार कोण, हा कंटाळवाणा पण कामाचा प्रश्न बाजूलाच राहतो.

हा प्रश्न सुटू शकतो, याचे पुरावे आपल्याकडेच आहेत.

पहिला याच रायगड जिल्ह्यातला. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा कोकणात विंचूदंशाने माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. त्यांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या: घाम, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. त्यातून उपाय पुढे आला तो प्राझोसिन, रक्तदाबावरची एक स्वस्त गोळी. हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि मृत्यूचं प्रमाण प्रचंड घटलं. यात दोन गोष्टी आहेत. ज्ञान तयार झालं ते रुग्णाला हात लावणाऱ्याकडून. आणि एकदा तयार झाल्यावर ते एका गोळीत आणि चार ओळींच्या सूचनेत मावलं, म्हणून तज्ज्ञ जवळ नसले तरी कामाला आलं.

दुसरा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन, ताप, श्वास मोजायचा, आणि ठरावीक चिन्हं जुळली तर जंतुसंसर्ग धरून जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं, अर्थात आईवडिलांची संमती घेऊन आणि कडक देखरेखीखाली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निकालांनुसार त्या गावांतले नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ मध्ये ही कल्पना आशाताईंमार्फत देशभर गेली. त्यांना सहा-सात गृहभेटी मिळाल्या, वजनकाटा मिळाला, फॉर्म मिळाले, २५० रुपये मिळाले. इंजेक्शन मात्र मिळालं नाही. ते मागेच राहिलं.

मला टेलिमेडिसिनच्या कागदात तीच गोष्ट पुन्हा दिसते. सुधारणा वरून खाली येते तेव्हा उपकरण येतं, नोंदवही येते, आता तर १४ अंकी 'आभा' क्रमांकही आलाय. निर्णय येत नाही.

मोजतो काय?

२०२३ च्या फेब्रुवारीत ई-संजीवनीने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. आकडा मोठा आहे, आणि तो उभा करणाऱ्यांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण तो मोजतो जोडलेले कॉल. सांगितलेली गोळी उपकेंद्रात होती का, पुढे पाठवलेला रुग्ण पोचला का, पंधरा दिवसांनी कोणी विचारपूस केली का, हे त्या आकड्यात नाही. सल्ला दिला म्हणजे उपचार झाला, असं समीकरण त्यात नकळत मांडलं जातं.

पुढे पाठवण्याचंच बघा. कागदावर भिवपुरी रायगड जिल्ह्यात, आणि जिल्हा रुग्णालय अलिबागला. अलिबागला जायचं तर खोपोली–पेण किंवा पनवेल करत गाड्या बदलायच्या. पण भिवपुरी रोडला लोकलमध्ये बसलं की तासाभरात उल्हासनगर, कल्याण, आणि तीच गाडी पुढे मुंबईला. तो ठाणे जिल्हा आणि पुढे मुंबई, पण माणसं तिकडेच जाणार. गंभीर आजारात लोक जिल्ह्याची हद्द बघत नाहीत, गाडी कुठे जाते ते बघतात. स्क्रीनवर दिसणारा डॉक्टर आणि रुग्ण प्रत्यक्षात ज्या दारात पोचणार तिथला डॉक्टर, हे एकमेकांना ओळखतच नसतील, तर व्हिडिओ कितीही स्वच्छ असो, दुवा तुटलेलाच.

इथे 'आभा'चा खरा उपयोग होऊ शकतो, हेही मान्य करायला हवं. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाची लसीकरणाची, क्षयाच्या उपचाराची नोंद त्यांच्याबरोबर फिरली तर ती मोठी गोष्ट आहे. पण ती नोंद उघडायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो कधी मुकादमाकडे असतो, कधी रिचार्ज संपलेला असतो. संहितेतला वापरकर्ता इथेही घरात स्वतःचा फोन हातात घेऊन बसलेला आहे.

मग बदलायचं काय?

माझं म्हणणं टेलिमेडिसिन नको असं नाही. एका कागदाने शहरातल्या डॉक्टरांची धास्ती कमी केली, तशीच आता गावातल्या कर्मचाऱ्याची करणारा दुसरा कागद हवा. त्यात पानभर मजकूर पुरेल: अमुक पंधरा-वीस प्रसंगांत, अमुक चिन्हं दिसली तर, कॉल लागो न लागो, सीएचओंनी हे औषध द्यायचं. त्यासाठी हे प्रशिक्षण, ही देखरेख, आणि या मर्यादेत केलेल्या कामाची जबाबदारी शासनाची. कॉल लागला तर उत्तमच. मग स्क्रीनवरचे डॉक्टर हुकूम देणारे न राहता, अडलं तर विचारता येणारे होतील. पदवीचं भांडणही थोडं निवेल, कारण परवाना कोणाच्या नावाला नसून प्रसंगाला असेल.

हे जोखमीचं आहे का? आहे. चुका होतील. पण सध्याच्या रचनेतही चुका होतातच. फरक एवढाच की त्या कोणाच्या नावावर लागत नाहीत. बाळ वाटेत गेलं तर त्याच्या नोंदीत लिहिलेलं असतं: सल्ला दिला, पुढे पाठवलं. कागदाप्रमाणे सगळं नियमात असतं.

पुढच्या लेखात आशाताईंचे फॉर्म वाचू. एका भेटीमागे किती रकाने भरावे लागतात आणि त्यातले नेमके कोणाच्या कामाचे असतात, ते बघू.